ठिपका आणि धुकं: नवताऱ्याची आणि धूमकेतूची प्रत मोजताना

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्यांच्या नकाशावर एखाद्या ताऱ्याशेजारी ७४ असं लिहिलेलं असतं. ती ७.४ ही प्रत, म्हणजे ताऱ्याचं तेज सांगणारा आकडा. मधलं टिंब मुद्दाम गाळलेलं असतं, कारण काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या नकाशावर आणखी एक टिंब म्हणजे आणखी एक तारा. या कामातली बरीचशी शिस्त अशीच आहे. दिसायला क्षुल्लक, पण ती पाळली नाही तर आकडा चुकतो आणि चुकलाय हे कळतही नाही.

उजळणीपुरतं सांगायचं तर प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट, एका प्रतीचा म्हणजे २.५१२ पट. ०.१ प्रतीचा फरक साधारण दहा टक्क्यांचा. सरावलेला डोळा एवढाच फरक ओळखतो, त्याहून बारीक नाही.

नवतारा, म्हणजे एकाएकी भडकून उठणारा तारा, ठिपका असतो, धूमकेतू धुकं. दोघांचं तेज आपण प्रतीतच सांगतो, पण मोजायची रीत वेगळी आणि फसण्याच्या जागाही वेगळ्या. सारखी गोष्ट एकच: मीरासारखा तारा अकरा महिन्यांनी पुन्हा त्याच अवस्थेत येतो, आज हुकला तर पुढच्या फेरीला भेटेल. नवतारा आणि धूमकेतू यांची आजची प्रत फक्त आजच घेता येते. म्हणून ती अशी घ्यावी की उद्या दुसऱ्या कुणाला ती तपासता यावी, गरज पडली तर दुरुस्तही करता यावी. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून येतं.

ठिपक्याची प्रत

नवतारा घडतो तो असा: श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहानसा घट्ट गाभा, आपल्या जोडीदाराकडून हायड्रोजन ओढत राहतो, तो थर साचतो, तापतो आणि एके दिवशी अणुभट्टीसारखा पेटतो. तारा शाबूत राहतो, फक्त वरचा थर उडतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की १५ ते २० प्रतीचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला तारा काही तासांत किंवा दिवसांत ८ ते १५ प्रतींनी वर येतो.

त्याची प्रत डोळ्यांनी ठरवायची तर दोन तुलनातारे लागतात, एक त्याच्याहून थोडा तेजस्वी आणि एक थोडा मंद. समजा ७२ आणि ७८ मिळाले. मधलं अंतर ०.६. नवतारा तेजस्वी ताऱ्याच्या जास्त जवळचा वाटतो, साधारण एक तृतीयांश खाली. म्हणजे ७.२ अधिक ०.२, उत्तर ७.४. दोन तुलनाताऱ्यांत ०.५ ते ०.७ हून जास्त अंतर असेल तर डोळा मधल्या पायऱ्या पाडू शकत नाही. एकाच ताऱ्याशी तुलना करून 'त्याच्याहून जरा मंद' म्हणायचा मोह होतो. तो टाळा, कारण तो 'जरा' प्रत्येक रात्री वेगळा असतो.

डोळ्याच्या खोडी पुष्कळ आहेत. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो फुगत जातो, दोन-तीन सेकंदांत ०.३ प्रत उगाच वाढते. म्हणून झरझर नजर फिरवायची: तुलनातारा, नवतारा, तुलनातारा. ताऱ्याला दृश्यक्षेत्राच्या मध्यावर आणून मग पाहायचं, कडेला नाही, कारण बायनॉक्युलरच्या कडेला प्रकाश कमी पडतो आणि तारा चपटाही होतो. दोन तारे एकावर एक उभे असतील तर खालचा उगाच तेजस्वी वाटतो. मान तिरकी करून दोन्ही डोळ्यांची रेषा ताऱ्यांच्या रेषेला समांतर आणली की हा दोष जवळजवळ जातो. थोडं विचित्र दिसतं, पण अंधारात कोण पाहतंय!

साधनाची निवडही महत्त्वाची. तारा साधनाच्या मर्यादेपेक्षा दोन ते चार प्रती वर असेल तेव्हा अंदाज सर्वांत चांगला येतो. १०×५० बायनॉक्युलरमधून अंधाऱ्या आकाशात नवव्या प्रतीपर्यंत जाता येतं, म्हणजे पाच ते सात प्रतीच्या नवताऱ्याला ती उत्तम. तोच तारा ८ इंची दुर्बिणीतून इतका झगझगीत दिसतो की फरक जाणवतच नाही. मोठी दुर्बीण आहे म्हणून ती वापरायचीच, ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक. उलट तारा मर्यादेच्या अगदी काठावर असला की दिसतोय की नाही यातच वेळ जातो आणि त्या अंदाजाला अर्थ उरत नाही.

तुलनातारे निवडताना प्रतीइतकाच रंग पाहा. निळ्या (बी) फिल्टरमधल्या प्रतीतून हिरवट-पिवळ्या (व्ही) फिल्टरमधली प्रत वजा केली की मिळतो तो बी वजा व्ही हा रंगांक साधारण ०.३ ते १.० च्या आत असलेले बरे. फार लाल तारा तुलनेला घेतला तर दोन माणसांच्या डोळ्यांतला फरक थेट आकड्यात उतरतो. एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या नकाशांवरचे तारे आधीच चाळलेले असतात, त्यामुळे तेच वापरावेत आणि नकाशाचा क्रमांक नोंदीत लिहावा. पुढे एखाद्या तुलनाताऱ्याची प्रत सुधारली गेली तर जुनी नोंद त्या क्रमांकावरून दुरुस्त करता येते. नुसतं '७.४' लिहून ठेवलेल्या नोंदीचं काहीच करता येत नाही.

दुसऱ्यांचे आकडे आधी पाहायचे नाहीत. आलेख ७.१ दाखवतोय हे माहीत असलं की डोळ्याला ७.१ च दिसतं, कितीही प्रामाणिक माणूस असो. आधी वहीत लिहा, मग पाहा.

नवताऱ्याचं आणखी एक दुखणं म्हणजे त्याचा प्रकाश साध्या ताऱ्यासारखा नसतो. शिखर ओलांडलं की हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा प्रचंड उसळते. अंधाराला सरावलेला डोळा तिथे कच्चा, पण फिल्टर नसलेला कॅमेरा तिथे तरबेज. त्यामुळे एकाच रात्री डोळा ८.६ म्हणतो आणि फिल्टरविना घेतलेली डिजिटल प्रतिमा ७.८ म्हणते, आणि दोन्ही बरोबर असतात. आणखी काही आठवड्यांनी तारा तेजोमेघाच्या अवस्थेत गेला की दुप्पट आयनित ऑक्सिजनच्या ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या रेषा ताब्यात घेतात. या नेमक्या व्ही फिल्टरच्या निळ्या काठावर पडतात, जिथे फिल्टरचा आलेख कड्यासारखा कोसळतो. दोन कंपन्यांच्या व्ही फिल्टरमध्ये काठ दोन-तीन नॅनोमीटर इकडेतिकडे असला तरी प्रतीत मोठा फरक पडू शकतो. यावर उपाय नाही. कुठला फिल्टर, कुठला कॅमेरा हे लिहायचं आणि मधेच बदलायचं नाही.

नोंद किती वेळा घ्यायची हे ताऱ्यावर. शौरी तारकासमूहात जून २०२१ मध्ये सापडलेला व्ही१६७४ हर्क्युलिस शिखरावरून दोन प्रती खाली यायला जेमतेम एक दिवस लागला. अशा वेळी तासातासाला नोंद हवी. उलट १९६७ चा एचआर डेल्फिनी जुलैत सापडला आणि शिखराला पोचला डिसेंबरात. मार्च २०२१ मध्ये शर्मिष्ठेत सापडलेला व्ही१४०५ कॅसिओपिए मे महिन्यात पाचव्या प्रतीच्या आसपास गेला आणि नंतर महिनोन्‌महिने वरखाली करत राहिला. सोपा नियम असा: चढताना आणि शिखराजवळ रात्रीतून जमेल तितक्या वेळा, मग रोज एकदा, तीन प्रती उतरल्यावर आठवड्यातून दोनदा. एकदम चार-पाच प्रतींची घसरगुंडी दिसली तर घाबरून आधीच्या नोंदी खोडू नका. बाहेर फेकलेल्या वायूत धूळ तयार होऊन ताऱ्यावर पडदा पडतो. १९३४ च्या डीक्यू हर्क्युलिसचं असंच झालं आणि काही महिन्यांनी तो पुन्हा वर आला.

कॅमेऱ्याने मोजायचं असेल तर

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने ०.०३ प्रतीपर्यंत अचूकता मिळते, पण फोटो काढायच्या सवयी विसराव्या लागतात. प्रतिमा रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. आयएसओ ४०० ते ८००, त्याहून वर गेल्याने काही मिळत नाही, फक्त वरची मर्यादा लवकर गाठली जाते. आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा, तारा आठ-दहा पिक्सेलांवर पसरला पाहिजे. टोकदार फोकसमध्ये ताऱ्याचा सगळा प्रकाश दोन-तीन पिक्सेलांत कोंबला जातो, त्यातला हिरवा पिक्सेल किती आणि लाल किती हे नशिबावर जातं, शिवाय मधला पिक्सेल भरून वाहतो. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा १६,३८३ असतो. ताऱ्याच्या मध्यावर १०,००० च्या वर जाऊ नये.

प्रत्येक वेळी किमान दहा प्रतिमा, तितक्याच डार्क (लेन्स झाकून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या). फ्लॅट टाळणारे फार भेटतात. लेन्सच्या कोपऱ्यात मध्यापेक्षा सहज अर्धी प्रत प्रकाश कमी असतो. तुलनातारा कोपऱ्यात आणि नवतारा मध्यावर असेल तर तेवढीच चूक थेट उत्तरात येते. प्रतिमांचा हिरवा भाग वेगळा काढून त्यावरच मोजणी करायची, कारण तो व्ही पट्ट्याच्या सर्वांत जवळचा. एक तुलनातारा 'तपासतारा' म्हणून बाजूला ठेवायचा: त्याचीही प्रत मोजायची आणि माहीत असलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. तपासतारा ०.१ ने चुकत असेल तर नवताऱ्याची प्रत ०.०२ पर्यंत बरोबर आहे असं म्हणायचा अधिकार राहत नाही.

धुक्याची प्रत

इथे खरी कसरत. सातव्या प्रतीचा तारा आणि सातव्या प्रतीचा धूमकेतू यांत प्रकाश तेवढाच असतो, पण धूमकेतूचा प्रकाश पाच-दहा कलांच्या गोळ्यावर पसरलेला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ठिपक्याची धुक्याशी तुलना करताच येत नाही. म्हणून ताऱ्यालाच धुकं बनवायचं, म्हणजे फोकस बाहेर न्यायचा. यात तीन पद्धती रूढ आहेत.

सिजविक पद्धतीत धूमकेतू फोकसमध्ये पाहून त्याच्या शिराचा (म्हणजे धुक्याच्या गोळ्याचा) आकार आणि सरासरी उजळपणा लक्षात ठेवायचा, मग फोकस बिघडवून तारे तेवढ्याच आकाराचे करायचे आणि तुलना करायची. मंद, पसरट धूमकेतूला ही चांगली. बोब्रोवनिकोफ पद्धतीत धूमकेतू आणि तारे एकाच फोकसबाहेरच्या स्थितीत पाहायचे, दोन्हींचा आकार सारखा दिसेपर्यंत. लहान आणि घट्ट शिराच्या तेजस्वी धूमकेतूला ही सोपी पडते, पसरट धूमकेतू मात्र तोवर आकाशात विरघळून जातो. मॉरिस पद्धत या दोन्हींच्या मधली. धूमकेतूचा फोकस थोडाच बिघडवायचा, मधला तेजस्वी भाग आणि कडा यांतला फरक मिटून सगळं सपाट दिसेल इतपत. तो आकार आणि उजळपणा लक्षात ठेवायचा. मग ताऱ्यांचा फोकस आणखी बिघडवून त्याच आकाराला आणायचं.

मॉरिस पद्धत शिकायला एखादा पंधरवडा लागतो, पण मध्यम घट्टपणाच्या धूमकेतूंसाठी तिला तोड नाही. सिजविक पद्धतीत मधला ठळक भाग आणि फिकट कडा यांची सरासरी मनातल्या मनात काढावी लागते, आणि तिथेच प्रत्येकजण वेगवेगळं चुकतो. कुठलीही वापरा, नोंदीत तिचं अक्षर लिहा: सिजविकला एस, बोब्रोवनिकोफला बी, मॉरिसला एम.

आकड्याबरोबर दोन गोष्टी लागतातच. एक, शिराचा व्यास कलांमध्ये. जवळच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर नकाशावरून काढून त्याच्याशी ताडता येतो. किंवा दुर्बीण स्थिर ठेवून शिर नेत्रिकेतल्या एखाद्या बारीक धातूच्या तारेमागून सरकायला किती सेकंद लागतात ते मोजायचं: खगोलीय विषुववृत्तावर आकाश सेकंदाला १५ विकला (कलेचा साठावा भाग) सरकतं, म्हणजे २० सेकंद लागले तर व्यास ५ कला. धूमकेतू ६० अंश क्रांतीवर, म्हणजे त्या विषुववृत्तापासून ६० अंशांवर असेल तर निम्मा, कारण क्रांतीच्या कोज्येने गुणावं लागतं. दुसरी गोष्ट घट्टपणाचा अंक, ० ते ९. शून्य म्हणजे मध्यात काहीच नाही, सगळीकडे सारखं फिकट. नऊ म्हणजे जवळजवळ तारा. हा अंक दोन-तीन रात्रींत झपाट्याने खाली येत असेल तर धूमकेतू फुटत असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा तो प्रतीपेक्षाही जास्त बोलतो.

धूमकेतूची प्रत जवळजवळ नेहमी एकाच बाजूला चुकते, मंदपणाकडे. कारण शिराच्या फिकट कडा हरवतात. चंद्रप्रकाशात हरवतात, शहराच्या उजेडात हरवतात, जास्त वर्धनात हरवतात आणि मोठ्या दुर्बिणीतही हरवतात. म्हणूनच नियम असा की धूमकेतू नीट दिसेल अशी सर्वांत लहान दुर्बीण आणि सर्वांत कमी वर्धन. मॉरिसने जुन्या नोंदी अभ्यासून सगळ्या प्रती ६.७८ सेंटीमीटर व्यासाच्या साधनावर आणण्याचं गणित मांडलं ते याचसाठी: परावर्ती दुर्बिणीत दर सेंटीमीटरमागे ०.०१९ प्रत, अपवर्तीत ०.०६६. नोंद पाठवताना ही दुरुस्ती स्वतः करायची नसते, फक्त व्यास आणि प्रकार लिहायचा. दुरुस्ती करून पाठवली आणि पुढच्याने पुन्हा केली, तर झालंच कल्याण.

याच कारणाने स्थाननिश्चिती करणारे लोक पाठवतात त्या प्रती धूमकेतूच्या एकूण तेजासाठी वापरू नयेत. ते मध्यभागाभोवती छोटं वर्तुळ घेऊन मोजतात, त्यांना स्थान हवं असतं. तिथे २-३ प्रतींचा फरक सहज निघतो. बातम्यांत 'धूमकेतू अपेक्षेपेक्षा मंद' असं येतं तेव्हा कधीकधी गफलत इथेच असते. कॅमेऱ्याने मोजतानाही मोजणीचं वर्तुळ सगळं शिर कवेत घेईल इतकं मोठं हवं, त्यात आलेले तारे वजा करावे लागतात आणि वर्तुळाची त्रिज्या नोंदवावी लागते. डीएसएलआरच्या हिरव्या भागात कार्बनच्या दुअणूंचे ५१६ नॅनोमीटरजवळचे पट्टे दणकून येतात, त्यामुळे वायूने भरलेला हिरवट धूमकेतू तिथे व्ही फिल्टरपेक्षा तेजस्वी निघू शकतो.

क्षितिजाजवळचा धूमकेतू म्हणजे वेगळीच डोकेदुखी. १० अंश उंचीवर प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा ५.६ पट जाड हवेतून येतो, ३० अंशावर दुपटीतून. हवेचं शोषण दर पटीमागे ०.२५ प्रत धरलं तर १० अंशावरचा धूमकेतू ३० अंशावरच्या ताऱ्याशी ताडताना ०.९ प्रतीची चूक होते. शक्यतो त्याच उंचीचा तुलनातारा घ्या, बाजूला २० अंश सरकावं लागलं तरी चालेल. नाही मिळाला तर दोघांची उंची लिहा आणि दुरुस्ती केली की नाही तेही लिहा. संधिप्रकाशात तर तुलनाताऱ्यांचाच दुष्काळ असतो. आणि हो, तेजोमेघ, दीर्घिका किंवा गोलाकार तारकागुच्छ यांच्याशी तुलना करायची युक्ती सुचली असेल तर ती सोडून द्या. त्यांच्या छापील प्रती या कामासाठी मोजलेल्या नसतात.

पुढचा अंदाज बांधायला साधं सूत्र आहे: प्रत म्हणजे मूळ प्रत (धूमकेतू पृथ्वी आणि सूर्य दोघांपासून एकेक एककावर असता तर दिसली असती ती), अधिक पृथ्वीपासूनच्या अंतराच्या लॉगची ५ पट, अधिक सूर्यापासूनच्या अंतराच्या लॉगची १० पट, अंतरं खगोलीय एककात, म्हणजे सूर्य-पृथ्वीच्या सरासरी अंतराच्या मापात. मूळ प्रत ७, पृथ्वीपासून ०.५, सूर्यापासून ०.८ असेल तर ७ वजा १.५ वजा १.०, म्हणजे ४.५. यातला १० हा आकडा सरासरीचा. सूर्याकडे पहिल्यांदाच येणारे धूमकेतू लांब असताना भाव खातात आणि जवळ आल्यावर थंडावतात, त्यांना तो ७ किंवा ८ च निघतो. म्हणून महिनाभराच्या नोंदी आलेखावर मांडून उताराचा अंदाज स्वतः काढावा. सूत्र मोडणाऱ्या गोष्टीही असतात. ऑक्टोबर २००७ मध्ये होम्स धूमकेतू दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसरीच्याही वर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अॅटलास हा धूमकेतू सूर्य आणि पृथ्वी यांच्या साधारण मधे आला, तेव्हा धुळीने प्रकाश पुढच्या दिशेला फेकल्यामुळे काही दिवस तो सूत्रापेक्षा कितीतरी तेजस्वी होता. सूत्रातल्या मूळ प्रतीत असे दिवस मिसळायचे नाहीत.

शोधायचं कुठे

आकाशभर स्वयंचलित दुर्बिणी फिरत असताना हौशी माणसाला काय उरलंय, हा रास्त प्रश्न. उरलंय ते त्यांच्या अडचणीच्या जागी. मोठ्या पाहणी दुर्बिणींना अकराव्या-बाराव्या प्रतीच्या वरचे तारे अतिप्रकाशित होतात, आकाशगंगेच्या गर्दीत त्यांचं सॉफ्टवेअर अडखळतं आणि सूर्याजवळच्या संधिप्रकाशात त्या सहसा जात नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरा यांनी पहाटेच्या आकाशात डिजिटल कॅमेरा आणि २०० मिलिमीटरची लेन्स लावून धूमकेतू पकडला तो याच फटीत.

नवताऱ्यांसाठी धनु, वृश्चिक, भुजंगधारी, गरुड आणि हंस या पट्ट्यात, आकाशगंगेच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दहा अंशांत राहायचं. १३५ मिलिमीटरची लेन्स आणि एपीएस-सी सेन्सर असेल तर एका प्रतिमेत साधारण ९.४ × ६.३ अंश येतात. आकाशाच्या गतीने फिरणाऱ्या माउंटवर एफ २.८ ला ३० सेकंद दिले की अकराव्या प्रतीपर्यंत सहज पोचता येतं. प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रतिमा, मधे कॅमेरा किंचित सरकवून. ही सरकवासरकव टाळू नका. दोषी पिक्सेल सेन्सरवर जागच्या जागी राहतो, तारे सरकतात. तेजस्वी ताऱ्याचं लेन्समधलं प्रतिबिंबही वेगळ्याच दिशेला पळतं, खरा तारा शेजाऱ्यांबरोबरच राहतो. मग जुन्या प्रतिमेशी आलटूनपालटून पाहायचं. हे त्याच रात्री झालं पाहिजे. आठवड्याने तपासलेल्या प्रतिमेतला नवतारा तोवर दुसऱ्याच्या नावावर लागलेला असतो.

नवा ठिपका सापडला की हात आखडता घ्यायचा. आधी ग्रह तपासा. हसू नका: मार्च २०१८ मध्ये धनु राशीत 'अत्यंत तेजस्वी नवा तारा' दिसल्याचं व्यावसायिक खगोलज्ञांच्या तारसेवेवर जाहीर झालं, आणि तो मंगळ निघाला. मग युरेनस, नेपच्यून आणि लघुग्रह, त्यासाठी मायनर प्लॅनेट सेंटरची तपासणी सोय आहे. मग रूपविकारी ताऱ्यांची सूची. हंसातला 'काय सिग्नी' नावाचा तारा १४ व्या प्रतीवरून चौथीच्याही वर येतो, असे दीर्घावधी तारे दरवर्षी कुणाला ना कुणाला फसवतात. नंतर त्या जागेची जुनी आकाशपाहणीची प्रतिमा आणि गाया यानाने केलेली ताऱ्यांची सूची, तिथे आधी काय होतं ते पाहायला. शेवटी कॅमेऱ्यासमोर दर मिलिमीटरला १०० रेषांची जाळी लावून वर्णपट घेता आला तर लाल हायड्रोजन रेषा ठळक दिसेल, आणि मग शंका बरीच मिटते.

कळवताना जे लागतं ते नेमकं आहे: वैश्विक वेळ दिवसाच्या दशांशात (१८ वाजून ३० मिनिटं म्हणजे .७७१), २००० सालासाठीच्या निर्देशांकात आकाशातलं स्थान, प्रत आणि फिल्टर, साधन, आणि ज्या शेवटच्या प्रतिमेत तो नव्हता तिची तारीख व तिची मर्यादा. नवतारा असेल तर खगोलीय शोधांची नोंद घेणाऱ्या सेंट्रल ब्युरोच्या पानावर किंवा ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर, धूमकेतू असेल तर मायनर प्लॅनेट सेंटरकडे. धूमकेतूच्या बाबतीत एका रात्रीचा डाग पुरेसा नाही, तो सरकलेला दिसला पाहिजे. दोन रात्रींची स्थानं असतील तर फारच उत्तम. धूमकेतूला सहसा जास्तीत जास्त दोन शोधकांची नावं लागतात, त्यामुळे घाई सगळ्यांनाच असते.

दुर्बीण किंवा कॅमेरा नसला तरी एक रस्ता आहे. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या लॅस्को कॅमेऱ्यांच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या असतात आणि त्यांतून सापडलेल्या धूमकेतूंची संख्या मार्च २०२४ मध्ये ५,००० वर गेली, त्यातले बहुतेक हौशी लोकांनी शोधलेले. बहुतेक क्रॉइट्स कुळातले, सूर्यात कोसळणारे. या कुळाच्या धूमकेतूंची पडद्यावरची वाट महिन्यागणिक ठरलेली असते, त्यामुळे कुठे पाहायचं ते आधीच माहीत असतं. तीन-चार सलग प्रतिमांत एकाच रेषेत, एकाच वेगाने सरकणारा ठिपका हवा. एकाच प्रतिमेत चमकून गेलेला ठिपका बहुतेक वेळा वैश्विक किरणाचा ओरखडा असतो.

दिसला नाही, तीही नोंद

सर्वांत दुर्लक्षित नोंद म्हणजे न दिसल्याची. नवताऱ्याच्या जागी काहीच नव्हतं, पण शेजारचा ९.२ चा तारा दिसत होता, तर '<९.२' असं लिहायचं, म्हणजे ९.२ हून मंद. स्फोट नेमका केव्हा झाला हे अशा नोंदीच आवळत आणतात. उत्तर मुकुट तारकासमूहातल्या टी कोरोनी बोरिअॅलिस या पुन्हा पुन्हा भडकणाऱ्या नवताऱ्यासाठी तर यावरच सगळी भिस्त आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो, १८६६ आणि १९४६ मध्ये दुसऱ्या प्रतीपर्यंत भडकला होता आणि आठवड्याभरातच नुसत्या डोळ्यांपलीकडे गेला होता. इतक्या तेजस्वी ताऱ्याला शेजारी तुलनातारे मिळत नाहीत, म्हणून यादी आधीच करून ठेवावी लागते: त्याच समूहातला अल्फा २.२, भुजंगधारीचा अल्फा २.१, उतरणीला शेजारचा एप्सिलॉन कोरोनी ४.१. पाचव्या-सहाव्या प्रतीपासून पुढे बायनॉक्युलर आणि नकाशा. नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेताना चष्मा असेल तर तो लावून, आणि प्रत्येक ताऱ्याची उंची वहीत लिहून.